मावशीची पाठ

मावशीची पाठ दुखते हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि प्रत्येकाकडे त्यावर औषध होतं. कोणी म्हणे फळीवर झोप, कोणी म्हणे उशी काढून टाक, कोणी म्हणे उशी घे पण पातळ घे. माझ्या वडिलांचं तर ठाम मत होतं की पाठदुखी म्हणजे निम्मा वात आणि निम्मी सवय. फुकटचा सल्ला द्यायला कोणाच्या बापाचं काय जातं? एकच गोष्ट कोणी बोललं नाही, आणि ती आंधळ्यालाही दिसावी अशी होती. मावशीची छाती फार मोठी होती. तिच्या बारीक अंगकाठीला झेपणार नाही इतकी मोठी.

हे मी इतकं सरळ लिहिते, कारण ते कोणी न बोलल्यामुळे तिचं काय झालं ते मी पाहिलं आहे. आमच्या घरात छाती हा शब्द फक्त खोकल्यापुरता होता. कफ झाला की छाती भरायची, तेल चोळलं की मोकळी व्हायची. एरवी बायकांना छाती नसायचीच, ‘अंग’ असायचं. अमकी अंगाने भरलेली आहे, तमकीला मेलीला अंगच नाही. मी वडिलांवर गेले, सरळसोट फळी, त्यामुळे माझ्या वाट्याला ‘घरी खायला घालतात की नाही गं?’ एवढंच आलं. मावशीच्या वाट्याला काय काय आलं ते तिने आपणहून कधी सांगितलं नाही. मी तिच्या शेजारी बसून ते एकेक करून काढून घेतलं.

लहानपणी मावशी पळायची. माझी आई तिची थोरली बहीण. ती सांगते की ही सुटली की हातात वेणी सुद्धा लागायची नाही. मग तेराव्या वर्षी अंग भरायला लागलं ते थांबेचना. शाळेच्या मैदानाच्या कुंपणापाशी पोरं जमायला लागली. खेळाच्या मास्तरांनी तिला शर्यतीतून काढलं नाही, पण त्या पोरांना हाकललंही नाही. ती आपली आपणच थांबली. आजीने तिला आरशासमोर उभं केलं, दोन्ही खांदे धरून पुढे ओढले आणि म्हणाली, “असं चालत जा. असं चाललं की दिसत नाही.”

आजी काही वाईट नव्हती. तिला स्वतःला जेवढं माहीत होतं तेवढं तिने लेकीला दिलं. पण त्या दिवसापासून मावशी वाकली ती वाकलीच. वह्या छातीशी धरून, खांदे आत घेऊन, जमिनीकडे बघत चालायची. आणि गंमत बघा, लोकांनी तिचं कौतुक केलं! पोरगी खाली मान घालून जाते, खाली मान घालून येते, असं वळण हवं. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या काकांच्या, घरच्यांनी तिला पसंत केलं ते या वळणासाठी. पोरीला मान वर करायला त्रास होतो हे त्यातल्या एकालाही सुचलं नाही. माझा संताप होतो तो इथे. दुखण्याला संस्कार म्हणणारी माणसं आम्ही.

काका सुतार. मोठ्या हातांचे, कमी बोलणारे, घरामागच्या शेडमध्ये दिवसभर रंधा मारणारे. मावशी रफू करायची. बाजाराच्या तोंडाशी एक ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, त्याच्या दर्शनी खिडकीत तिची जागा. खिडकी उत्तरेची, त्यामुळे उजेड सारखा, डोळ्यात न येणारा. कोणाचा लोकरीचा कोट कसरीने खाल्लेला असे, कोणाच्या पँटला सिगरेटने भोक पडलेलं असे. मावशी त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायची आणि त्या भोकावर एक उभा, एक आडवा, असं नवं कापड विणायची. सुई केसाएवढी. काम झालं की डोळे मिटायची आणि अंगठा नि दोन बोटं त्या जागेवरून फिरवायची. डोळ्यांना फसवता येतं, बोटांना नाही, असं तिचं म्हणणं. बोट कुठे अडलं की सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून.

त्या खिडकीत ती सुखी होती. दुकानाचा मालक तोंडाचा फटकळ, पण तिला कधी अगं-तुगं केलं नाही. गिऱ्हाईक दुरुस्त झालेला कोट उलटापालटा करून विचारायचं, “भोक कुठाय?” आणि मालक ओरडायचा, “अहो, भोक परत हवं असेल तर वेगळे पैसे पडतील!” मावशी खाली मान घालून हसायची. तिथे वाकून बसणं हे कामच होतं. ताठ का बसत नाहीस, वर का बघत नाहीस, असं त्या खिडकीत कोणी विचारू शकत नव्हतं. मला वाटतं, म्हणूनही तिला ती जागा आवडली असेल.

चाळिशी ओलांडली आणि पाठ बोलायला लागली. आधी खांद्यांच्या मधोमध, मग मानेत, मग डोकंही धरायचं. संध्याकाळी दुकानातून आली की ती भिंतीला टेकून उभी राहायची, चहा सुद्धा उभ्यानेच. काका रोज तिच्या खांद्यांना मलम चोळायचे. त्यांनी तिच्यासाठी पलंगाला सागाची फळी बसवली, उंच पाठीची खुर्ची केली, मग मान खाली जाऊ नये म्हणून दुकानातल्या खिडकीसाठी उतरतं टेबल केलं. त्या टेबलाच्या कडा त्यांनी इतक्या गुळगुळीत घासल्या होत्या की कपड्याचा एक धागा अडकू नये. माणूस प्रेमात कसूर करणारा नव्हता. ते टेबल महिनाभर पुरलं, मग दुखणं पुन्हा जैसे थे.

शेवटी काका तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर काकांच्या ओळखीचे, वयस्कर. काकांनी त्यांच्या घराची कपाटं केलेली. काका शेजारच्या खुर्चीत बसलेले. डॉक्टरांनी कपड्यांवरूनच पाठीवर दोन-चार ठिकाणी दाबून पाहिलं आणि विचारलं, “जड काही उचलता का?”

मावशी म्हणाली, “नाही.”

हे मला सांगताना ती हसली होती. म्हणाली, “काय सांगणार होते गं? यांच्यासमोर, त्यांच्यासमोर? जीभच उचलली नाही.”

डॉक्टरांनी काम काय करता विचारलं. रफू म्हटल्यावर त्यांना रोग हातात सापडला. दिवसभर वाकून बसायचं आणि वर पाठ दुखते म्हणायचं! पट्टा दिला, गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की सुई बंद करा, नाहीतर पुढे उभं राहता येणार नाही. पुढून बघण्याची गरज त्यांना वाटली नाही. की धीर झाला नाही, देव जाणे.

ती सुई सोडायला तयार नव्हती. दोन-तीन वेळा तिने काकांशी वाद घातला, आणि आमच्या मावशीने वाद घातला म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला. पण काका तिच्यासमोर बसून म्हणाले, “मला तुझी कमाई नको, तुझी कारागिरी नको. मला तू धड हवीस.” असं कोणी म्हणाल्यावर माणूस काय करणार? तिने सुया एका डबीत भरल्या आणि घरी बसली. मालकाने तिच्या जागी दुसरं कोणी बसवलं नाही. त्या खिडकीत धुतलेल्या कपड्यांची पाकिटं रचायला लागला आणि रफूचं काम आलं की म्हणायचा, आता आम्ही करत नाही.

सुई गेली, दुखणं गेलं नाही. जाईल कसं? सुईचा काही संबंधच नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातली गत. आता ती घरात वाकायची. भांड्यांवर, केरावर, शिलाईच्या नावाने फक्त काकांच्या शर्टाच्या बटणांवर. काही वर्षांनी ती बटणंही जमेनात. अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येत, मग बधिरपणा. जाड हातमोजे घातल्यासारखं वाटतं, म्हणायची. सगळ्यांनी पुन्हा औषधं सांगितली. वडील म्हणाले, वात.

मग एकदा काका मोठ्या कामावर परगावी गेले आणि नेमकी मावशीची मान अशी धरली की तिला डावीकडे वळता येईना. मी तिला सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवतात तिथे नेलं. मला बाहेर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मावशी डॉक्टरी खोलीत एकटी गेली, आणि आत होती ती एक बाईच, तिशीतली, बाह्या वर सारलेली. पुढचं सगळं मला पातळ पडद्यामागून ऐकू आलं.

“पालथ्या झोपा.”

“नाही झोपता येत.”

“कधीपासून?”

“तेरा-चौदाची असेन.”

 मग ती बाई म्हणाली, “जरा वरचं काढता का? मी आतला पडदा लावते.” आणि नंतर, हळू आवाजात, “अहो, हे खांद्यावर काय झालंय? बोट मावेल एवढे चर पडलेत.”

“पट्ट्यांनी,” मावशी म्हणाली. “ब्राच्या.”

“मावशी, तुमच्या पाठीला काही झालेलं नाही. ती बिचारी समोरचं वजन तोलून तोलून थकलीय. तुमच्या छातीचं वजन आहे हे. इतकी वर्षं तुम्हाला कोणीच बोललं नाही?”

 मावशी रडायला लागली. मी तिला तोवर रडताना पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हासुद्धा नाही. तोंड दाबून नाही, लहान मूल रडतं तसं, मोठ्याने. बाहेर रांगेत बसलेले लोक माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी माना फिरवल्या.

त्या बाईने तिला सगळं सांगितलं. छाती कमी करायचं ऑपरेशन असतं, फार मोठं नाही, दुखण्यासाठी म्हणूनच करतात. खांदे पुढे ओढून, मान पुढे काढून इतकी वर्षं चालल्यामुळे मानेतल्या नसा दबल्या आहेत, बोटं त्यामुळे बधिर. मावशीने एकच विचारलं, “बोटं परत येतील?” ती बाई खोटं बोलली नाही. म्हणाली, पाठीचं मी छातीठोक सांगते. बोटांचं नाही सांगता येत. लवकर आला असतात तर गोष्ट वेगळी होती.

वाटेत मावशी मला म्हणाली, “बोटं आली तर मी खिडकीत बसेन.” मला कळलं की तिने ठरवलं आहे. पाठ दुखायची थांबली तर बरंच होतं, पण तिला पाठ खिडकीसाठी हवी होती.

काका आल्यावर मात्र तिच्या तोंडून शब्द फुटेना. मी समोर होते म्हणून मी उठायला लागले, तर तिने माझा हात धरून मला बसवलं. मग काकांचा हात घेऊन तिने आपल्या खांद्यावर, त्या चरावर ठेवला. म्हणाली, “दुखणं इथून आहे. समोरून. मागून नाही.”

काकांनी त्या चरावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “मी रोज इथेच मलम लावत होतो.”

“हो.”

“अगं, मग बोलायचं ना!”

“मी नाही बोलले,” मावशी म्हणाली, “पण तुम्हाला दिसत नव्हतं का हो?”

काकांचे डोळे भरून आले. “दिसत होतं,” ते म्हणाले. “तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

मी दोघांच्या समोर बसले होते. मला दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं आणि दोघांना पोटाशीही घ्यावंसं वाटलं. एकीला वाईट वाटू नये म्हणून दुसरा गप्प, दुसऱ्याला लाज वाटू नये म्हणून पहिली गप्प, आणि मध्ये एक आख्खा संसार वाकून चाललेला.

ऑपरेशन झालं. भेटायला आलेल्यांपैकी एका चुलत सासूबाईंनी विचारलंच, “या वयात कसली हौस ही?” माझी आई, जी कधी कोणाला उलट बोलत नाही, ती म्हणाली, “तुमच्या गळ्यात दोन पाटे-वरवंटे बांधते, चार दिवस फिरून या, मग बोलू.” चुलत सासूबाईंनी चहा अर्धा सोडला.

पट्ट्या निघाल्यावर मावशी पहिल्यांदा पलंगाच्या कडेला नीट बसली, तेव्हा मी तिथे होते. तिने खांदे मागे घेतले. ते गेले. मान वर केली, तीही गेली. ती आपल्याच अंगाकडे, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता हसेल.

“एवढंच होतं का गं?” ती म्हणाली. “एवढंच?” आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिला काय दिसत होतं ते मला कळत होतं. मैदान, लग्नाचे फोटो, खिडकी, सगळी ती वर्षं जी या एवढ्याशा गोष्टीने खाल्ली होती. बरं वाटण्याचं इतकं दुःख होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

मग दिवस चांगले आले. पाठ थांबली. मावशी पालथी झोपायला लागली आणि त्याचं तिला इतकं अप्रूप की दुपारी कोणी गेलं तरी पालथीच सापडायची. बोटांतल्या मुंग्याही थांबल्या. ती अंगठा नि बोटं एकमेकांवर घासून दाखवायची, “बघ, आता काही होत नाही.” आम्ही सगळे खूश. काही होत नाही म्हणजे बरं झालं, असंच आम्ही धरून चाललो. तिनेही.

मालकाने खिडकीतली पाकिटं हलवली, काच पुसली, काकांचं उतरतं टेबल माळ्यावरून काढून जागेवर ठेवलं. पहिलं काम म्हणून एका म्हाताऱ्याचा राखाडी कोट आला, कोपराशी भोक असलेला. मावशी सकाळी बसली. मीही गेले होते, उगीच, तिला बघायला. ती ताठ बसली होती. वाकायचं तेवढंच वाकत होती. सुईत धागा ओवायला तिला वेळ लागला, पण इतक्या वर्षांनी तो लागणारच. दुपारपर्यंत तिने एकदाही पाठीला हात लावला नाही. मालक उगाच येरझारा घालत, “बाई, चहा? बाई, पंखा?” करत होता.

काम झालं. मावशीने डोळे मिटले आणि रफूवरून बोटं फिरवली. एकदा, दोनदा. तिचा चेहरा उजळला.

“कुठे अडत नाही,” ती म्हणाली. “बघ.”

मी बोट फिरवलं. ते सुरुवातीलाच अडलं, मग मध्ये, मग पुन्हा कडेला. धागे कुठे ताणलेले, कुठे गाठीसारखे वर आलेले. मला कोणी सांगायला नको होतं. रफूतलं मला काही कळत नाही, पण ते कोणालाही कळलं असतं. मी “छान झालंय” म्हणायला तोंड उघडलं, पण ती माझ्याकडे बघत होती. आणि आता ती मान वर करून बघत होती. तिने माझा चेहरा पाहिला.

तिने कोट खिडकीत उजेडाकडे धरला. बराच वेळ डोळ्यांनी तपासत राहिली. मग पुन्हा बोट ठेवलं, दाबलं, नखाने टोकरलं. काही होत नव्हतं तिला. मुंग्या थांबल्या होत्या त्या बरं होऊन नाही. त्या नसा आता कायमच्या गप्प झाल्या होत्या. तिने एकेक धागा उसवून काढला आणि कोट घडी घालून मालकाच्या हातात दिला. मालक, जो जन्मात कधी हळू बोलला नाही, तो हळूच म्हणाला, “काउंटरवर बसा ना बाई. माणूस लागतंच आहे मला.” मावशी म्हणाली, सांगते.

आम्ही चालत घरी निघालो. बाजारातून ती सरळ, खांदे मागे टाकून चालत होती. भाजीवालीने हाक मारली, “अगं बाई, वयाने दहा वर्षं मागे गेलात की!” मावशीने हात हलवला. घराच्या वळणावर काकांनी आम्हाला लांबून पाहिलं. ते शेडच्या दारात उभे होते, अंगावर भुसा, आणि आपली बायको रस्त्याने ताठ चालत येते आहे हे बघून त्यांचा चेहरा असा झाला होता की मला पुढे पाऊल टाकवेना.

“जमलं ना?” त्यांनी तिथूनच विचारलं.

मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने उजवा हात पुढे केला आणि ती तीन बोटं त्यांच्या तळहातावर ठेवली.

“यांना काही कळत नाही हो आता,” ती म्हणाली.

काकांनी बोटं मुठीत धरली. दाबली. “आता?”

“नाही.”

त्यांनी अजून जोर लावला. सुताराचा हात तो. तिची नखं पांढरी पडली. “आता कळतंय?” ते विचारत होते, “आता? सांग ना, आता?”

मावशीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “आता थोडं कळतंय.”